पाण्याचं औषध, ताकदीच्या नावानं विकलेलं

दर महिन्याला कुणीतरी एक ड्रम घेऊन येतंच. आमची मिल लहान, रद्दी पुठ्ठ्यापासून क्राफ्ट पेपर करणारी. माल जातो तो बहुतेक कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या बॉक्सवाल्यांकडं. केमिकल विकणाऱ्यांना वाटतं, असल्या ठिकाणी काहीही खपून जाईल. मी इथली लॅब सांभाळते, चौदा वर्षं झाली. शिवाजी विद्यापीठातनं बीएस्सी केमिस्ट्री केलं. बाकीचं शिकले ते वायर पार्टच्या (ओल्या लगद्यातलं पाणी जिथं जाळीवर गळतं तो मशीनचा भाग) रेलिंगला टेकून, रात्रपाळीला, हातात टॉर्च धरून.

यंदा जानेवारीपासून मेअखेरपर्यंत जे वापरलं त्याबद्दल लिहिते. पत्रकावर ‘ड्रेनेज आणि ड्राय स्ट्रेंथ, टू इन वन’ असं छापलंय, म्हणजे पाणी लवकर सुटणार आणि सुक्या कागदाची ताकदही वाढणार. आत आहे ते ग्लायऑक्झल जोडलेलं पॉलिॲक्रिलामाइड, धंद्यात ज्याला सगळे ‘जीपॅम’ म्हणतात. विकणारे साहेब ‘एकदम नवीन टेक्नॉलॉजी’ म्हणून सांगत होते. अमेरिकन सायनामिडला याचं पेटंट १९७१ साली मिळालंय, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. पण ते असो, जुनं असलं म्हणून वाईट नव्हे. आमच्या सप्लायरचं नाव लिहीत नाही, कारण पुढं एक तक्रार येणार आहे.

आधी आमचं दुखणं काय होतं ते सांगते. आम्ही १२० जीएसएम (चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये), १८ बीएफ (बर्स्ट फॅक्टर) काढतो. नवख्यांसाठी बीएफचा हिशोब: कागद फुटायला लागणारा दाब, किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये, गुणिले हजार, भागिले जीएसएम. म्हणजे आमचा कागद २.१६ किलोला फुटला तर बरोबर १८. कागदावर सोपं आहे. पण रद्दीचा धागा दर फेरीला म्हातारा होतो. एकदा वाळला की तो पुन्हा पहिल्यासारखा फुगत नाही, ताठर राहतो, शेजारच्या धाग्याला नीट चिकटत नाही. मग त्याला रिफायनरमध्ये घासायचं. घासलं की ताकद येते, पण बारीक चुरा वाढतो, एसआर (पाणी किती अडतं त्याचं माप) चढतो आणि माल, म्हणजे लगदा, पाणी सोडेनासा होतो. वायरवर पाणी राहिलं की मशीन हळू करा, नाहीतर प्रेसमध्ये शीट चेंगरून ब्रेक घ्या, म्हणजे कागद तुटला. ताकद मागितली की पाणी अडतं आणि पाणी सोडवलं की ताकद जाते. चौदा वर्षं मी हीच रस्सीखेच बघतेय.

आम्ही काय करायचो? गवार गम, आणि वरनं साधा स्टार्च. गवार गम इमानदार आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. साधा स्टार्च मात्र निव्वळ पैसे पाण्यात घालणं आहे, अगदी शब्दशः. त्याला चार्ज नाही, धाग्यालाही तो धरत नाही, त्यामुळे बराचसा बॅकवॉटरमध्ये, म्हणजे वायरखाली गळून पुन्हा फिरवायच्या पाण्यात, उतरतो. तिथं जिवाणू त्याच्यावर ताव मारतात, आम्ल तयार करतात, पीएच पडतो आणि मे महिन्यात चेस्टजवळ (माल साठवायच्या टाकीजवळ) उभं राहवत नाही असा वास सुटतो. शिवाय रद्दी पुठ्ठ्यातल्या नळीदार थराला जो गोंद लावलेला असतो तोही स्टार्चच, म्हणजे आधीच पाण्यात भरपूर असतो. आम्ही त्यात आणखी ओतत होतो.

आता या केमिकलचं काम. माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याला, घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस तापायला लागला की गुळव्या रानभेंडीचा ठेचा पाण्यात चोळून तो बुळबुळीत चीक रसात सोडायचा. थोड्या वेळात सगळी मळी एकमेकींना धरून वर यायची, झाऱ्यानं काढली की खाली रस स्वच्छ. लांब साखळीचं एखादं चिकट द्रव्य बारीक कणांना गोळा करतं, एवढंच. वायरवर तेच हवं असतं. बारीक चुरा सुटा राहिला की जाळीची भोकं बुजवतो. मोठ्या धाग्याला चिकटला की पाण्याला वाट मिळते. (गंमत म्हणजे जपानी हातकागदात भेंडीच्याच कुळातल्या झाडाच्या मुळाचा चीक घालतात, तो मात्र पाणी हळू सुटावं म्हणून, धागे सावकाश पसरावेत म्हणून. एका घरची भावंडं, कामं उलटी.)

जीपॅम हे असलं गोळा करण्याचं काम करतं, कारण त्याच्यावर धन भार आणि धाग्यावर ऋण. पण भेंडीला जमत नाही असंही एक काम त्याच्याकडं आहे. ग्लायऑक्झलची टोकं धाग्यावरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतात, आणि ड्रायरवर कागद वाळता वाळता ही पकड पक्की होते. म्हणजे न घासता ताकद. विकणाऱ्यांची सगळी जाहिरात या एका वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य खरं आहे. खोट पुढच्या हिशोबात आहे, तिकडं येतेच.

पहिल्या दिवशी मी मशीनवर घालू दिलं नाही. हेडबॉक्सचा (वायरवर माल सोडणाऱ्या पेटीतला) माल बादलीत घेतला, एक लिटर तसाच आणि एक लिटर औषध घालून, एसआरच्या भांड्यातनं काढला. ३६ चा ३१ झाला. बरं वाटलं, पण बादलीतलं यश मी बरंच पाहिलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या पाळीला मशीनवर सुरू केलं, मशीन चेस्टच्या पुढं, जाड मालातच, म्हणजे मिसळायला वेळ मिळेल. टनाला दीड किलो कोरडं, म्हणजे औषधातलं पाणी सोडून.

वायरवर ओला माल आरशासारखा चकाकतो. पुढं पुढं जाताना एका जागी ती चकाकी अचानक मरते, कागद मंद दिसायला लागतो. त्याला आम्ही ड्राय लाइन म्हणतो. आमची लाइन नेहमी चौथ्या सक्शन बॉक्सवर (वायरखालनं पाणी ओढणाऱ्या पेटीवर) असते, तीही वाकडी, ड्राइव्हकडच्या बाजूला जास्त पुढं. मी टॉर्च तिरकी धरून बघत होते. पंधरा मिनिटं काहीच नाही. विसाव्या मिनिटाला लाइन थरथरली, मागं सरकली, पुन्हा पुढं आली, आणि मग मागं जाऊन तिसऱ्या बॉक्सच्या अलीकडं स्थिर झाली. आमचे मशीन फोरमन मामा पलीकडनं ओरडले, “मॅडम, पाणी लई पळाय लागलंय की वो! व्हॅक्यूम पडतोय बघा.” मामांची नोकरी बत्तीस वर्षांची, पण कुठल्याही केमिकलला त्यांनी चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हेही चांगलं म्हणणं नव्हतंच, पण त्यांच्या हिशोबानं जवळपास होतं.

पाणी पळालं म्हणजे पैसे कुठं वाचले, हे समजायला एक किलो धागा धरा. हेडबॉक्समध्ये कन्सिस्टन्सी (मालातलं धाग्याचं प्रमाण) ०.८ टक्के, म्हणजे त्या एक किलोबरोबर १२४ लिटर पाणी. वायर संपते तिथं २० टक्के, म्हणजे चार लिटर उरलं. एकशेवीस लिटर तिथंच गळून गेलं. प्रेसमधनं ४० टक्के होऊन निघालं तर दीड लिटर. हे शेवटचं दीड लिटर वाफेनं उडवायचं, आणि बॉयलरचा सगळा खर्च याच दीड लिटराचा. आता प्रेसनंतर ४० च्या जागी ४१ टक्के मिळाले तर उरतं १.४४. साठ मिली कमी. फार वाटत नाही, पण ड्रायरला उडवायच्या पाण्यातलं हे चार टक्के झालं. आमचा बॉयलर बगॅसवर आहे. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की बगॅसचा भाव काय होतो हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

मी दर ब्रेकला प्रेसनंतरचा तुकडा उचलायचे, पिशवीत बंद करून लॅबला पळायचे, वजन, मग १०५ अंशाला ओव्हन, पुन्हा वजन. (ब्रेक व्हावा असं वाटणारी मिलमधली मी एकटीच असेन.) जानेवारीत सरासरी ३९.६ होती, फेब्रुवारीत ४१ च्या आसपास. माझ्या दृष्टीनं या औषधाचा खरा फायदा हा. पत्रकावर तो चौथ्या ओळीत, बारीक अक्षरात होता.

पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात होतं: बीएफमध्ये वाढ. पहिल्या आठवड्यात वाढ झालीही. १८.२ चं १९.७ झालं. साहेबांनी फोटो काढला, मालकांना दाखवला. मग मालक म्हणाले, पाणी लवकर सुटतंय तर स्पीड वाढवा. वाढवला. वायरवर वेळ कमी मिळाला, ड्राय लाइन पुन्हा चौथ्या बॉक्सकडं निघाली, बीएफ १८.६. मग कुणीतरी म्हणालं, ताकद आहे तर रिफायनरचा लोड कमी करून वीज वाचवू. केला. बीएफ १८. आणि आता तीन जण तीन ठिकाणी एकच फायदा मोजत होते: एक स्पीडमध्ये, एक विजेत, एक वाफेत. साहेबांच्या पॉवरपॉइंटमध्ये तर चौथ्यांदा बीएफमध्येही. बाजारातनं एक भाकरी आणली आणि घरातले चौघं वेगवेगळ्या खोलीत बसून ‘मी खाल्ली’ म्हणतायत असा प्रकार.

शेवटी मीच मालकांसमोर वही ठेवली. म्हटलं, एक ठरवा. गुळाचे बॉक्स करणाऱ्यांची तक्रार रवे (गुळाच्या ढेपा) ठेवल्यावर खालचे बॉक्स दबून बसतात अशी असेल तर रिफायनर आहे तसा ठेवा, ताकद घ्या. ती तक्रार नसेल तर वाफ घ्या. आम्ही वाफ घेतली, आणि रिफायनर अगदी थोडा सैल केला. बॉक्स बसण्याबद्दल एक सांगते, बीएफ वाढला म्हणून बॉक्स बसायचा थांबत नाही. त्याला आरसीटी (रिंग क्रश टेस्ट, कागद उभा दाबल्यावर किती तग धरतो ते) बघावा लागतो, आणि आमच्याकडं आरसीटी बीएफइतका वाढला नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, “पुढच्या ट्रायलला बघू.” पुढची ट्रायल अजून व्हायची आहे.

आणखी एक दावा ऐकला, ‘पावसाळ्यात बॉक्स टिकेल’. ओलेपणी थोडी ताकद यातनं मिळते हे खरं. मी पट्टी पाण्यात टाकून लगेच ओढली, तर आमच्या जुन्या कागदापेक्षा बरी टिकली. अर्ध्या तासानं काढली, तर बोटातच विरघळली. ही पकड पाण्यात हळूहळू सुटते. आमच्यासाठी ते उलट बरंच आहे, कारण ब्रोक (मिलमधला तुटका, वाया गेलेला कागद) पल्परमध्ये लगेच फुटतो; कायमच्या ओल्या ताकदीचं रेझिन घातलेला कागद फोडताना काय हाल होतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पण जुलैमधल्या गगनबावड्याच्या पावसात ट्रकवर ताडपत्री फाटली तर हे औषध वाचवणार नाही. त्यासाठी सायझिंग (कागदानं पाणी पिऊ नये म्हणून घालायचं द्रव्य) आणि कॉब (कागद किती पाणी पितो त्याची चाचणी). गूळ स्वतःच हवेतलं पाणी ओढतो, त्याला बॉक्सची मदत नकोच असते.

आता तक्रार.

मार्चमध्ये मोठ्या ऑर्डरला सूट देतो म्हणाले, म्हणून एकदम चाळीस ड्रम घेतले. आम्हाला दिवसाला सव्वा ड्रम लागतो, म्हणजे महिनाभराचा साठा. ड्रमवर लिहिलेलं: तयार केल्यापासून तीस दिवस. तारीख बघितली तर माल आमच्या गेटवर आला तेव्हाच तीन आठवड्यांचा होता. मी चलनावर तसं लिहिलंही. फोनवर उत्तर आलं, “मॅडम, ते सेफ साइडला लिहितात, दोन महिने काही होत नाही.” ड्रम ठेवले पत्र्याच्या शेडमध्ये, आणि एप्रिल लागला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डोसिंग पंप खोकायला लागला. पोरानं गाळणी काढली तर तिच्यावर काकवीसारखं काहीतरी लटकलेलं. पुढचा ड्रम उघडला. मी स्टीलचा रॉड आत घातला, तो उभाच राहिला. वरनं बोट लावलं तर थुलथुलीत, पिवळसर, कापता येईल असं. खरवस! वेलदोडा तेवढा घालायचा राहिला होता. या रसायनाचा स्वभावच तो: जी टोकं धाग्याला धरायची तीच ड्रममध्ये एकमेकांना धरत बसतात, आणि उष्णतेनं ते भराभर होतं. एकदा जमलं की पाणी घालून, ढवळून, देवाला नवस बोलून काही होत नाही. चाळीसमधले अकरा ड्रम असे गेले. बदलून मिळाले आठ, तेही दीड महिना पाठपुरावा केल्यावर. तीनचं म्हणे तुमच्या साठवणुकीचा दोष. शेडचा दोष मी मान्य करते. पण तीन आठवडे शिळा माल कुणाच्या शेडमध्ये पडून होता?

त्यांचा सर्व्हिसवाला पोरगा मात्र सोन्यासारखा. सांगलीचा आहे, फोन केला की मोटरसायकलवर येतो, हात घाण करून घेतो. मार्चअखेरीस परिणाम अचानक कमी झाला तेव्हा मी डोस वाढवायला निघाले होते. त्यानं थांबवलं. बॅकवॉटरचा पीएच आणि अल्कलिनिटी बघायला लावली. उन्हाळ्यात आम्ही पाणी जास्तीत जास्त फिरवतो, त्यात रद्दीबरोबर येणारा चुना, पीएच ८ च्या आसपास गेलेला. हे औषध ५ ते ७ मध्ये खुश असतं, त्याच्या वर सुस्त होतं. शिवाय पाण्यातला ऋण भाराचा कचरा धाग्याआधी औषधालाच खाऊन टाकत होता. त्यानं आधी थोडं पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) घालून तो कचरा बांधायला सांगितलं आणि पीएच सातवर आणायला लावला. डोस तोच, लाइन पुन्हा तिसऱ्या बॉक्सवर. डोस वाढवला असता तर भार उलटून धनाकडं गेला असता, पाणी उलट अडलं असतं आणि फेल्ट (प्रेसमधला पाणी शोषणारा जाड कपडा) बुजला असता. विकणाऱ्या कंपनीचा माणूस ‘कमी घाला’ म्हणतो, हे मी नोकरीत दुसऱ्यांदा ऐकलं.

तुलना म्हणून: याआधी आम्ही पावडरचं कॅटायनिक पॉलिॲक्रिलामाइड घातलं होतं. नुसतं पाणी सोडवायला ते याहून स्वस्त, टनाला काही शे ग्रॅममध्ये काम होतं. पण ते विरघळवायला धीर लागतो. पावडर भुरभुरत न घालता पोरं ओतून मोकळी होतात आणि माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात, त्या थेट कागदात ठिपके होऊन उतरतात. जरा जास्त झालं की शीट ढगाळ, उजेडात धरली तर चट्ट्यापट्ट्यांची. ताकद शून्य वाढते, उलट चट्ट्यांमुळे कमीच. आणि सांडलं की मग बघायला नको. मामा एकदा त्या ओल्या फरशीवर जे घसरले ते थेट ब्रोक पिटच्या कठड्याला जाऊन अडकले. पोरानं वर पाणी मारलं, म्हणजे आणखी तेल. त्यावर भुसा टाकून खरवडायचं असतं. जीपॅम पातळ येतं, पंपानं जातं, हा त्याचा मोठाच गुण.

भाव लिहीत नाही, तो माणूस बघून ठरतो. पण घेताना एक करा. भाव ड्रमच्या किलोचा सांगतात आणि ड्रममध्ये बहुतेक पाणी असतं. आमच्यात कोरडं १५ टक्के. दुसऱ्या एकानं स्वस्त दिलं म्हणून मालक खुश होते. मी दहा ग्रॅम बशीत घेऊन ओव्हनला ठेवलं, उरलं एक ग्रॅम. म्हणजे दहा टक्के. भागाकार केल्यावर तोच महाग निघाला. ही बशी-ओव्हनची चाचणी कुठल्याही लॅबमध्ये होते, पाच रुपये लागत नाहीत, आणि ती केल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कुणी घ्यावं? ज्यांचा वायर पार्ट आखूड आहे, एसआर चढलेला आहे आणि बॉयलर महागात जातोय, त्यांनी जरूर. ज्यांना फक्त बीएफचा आकडा वर दाखवायचा आहे त्यांनी आधी रद्दीची प्रत बघावी, दोन टक्के चांगली कटिंग (कोरी कात्रणं) वाढवून काय होतं ते बघावं. ज्यांच्याकडं पीएच मोजायला माणूस नाही त्यांनी लांबच राहावं. पाचपैकी औषधाला चार, सर्व्हिसच्या पोराला पाच, डिस्पॅचला एक.

आम्ही जूनपासून पुन्हा मागवलंय. दर आठ दिवसांनी दहा ड्रम, तयार केल्याची तारीख पाच दिवसांच्या आतली असेल तरच गेट उघडायचं, असं वॉचमनला लिहून दिलंय. मी मागच्या भिंतीला सावली बघून जागा केली, वर उसाचं पाचट टाकलं. ड्राय लाइन तिसऱ्या बॉक्सवर आहे. मामांनी मात्र गवार गमची उरलेली सात पोती अजून परत पाठवू दिलेली नाहीत. कोरड्या जागी, पॅलेटवर, नीट झाकून ठेवलीत. विचारलं तर म्हणतात, “असू द्या की मॅडम. त्याचा खरवस न्हाई हुईत.”